माँत्रोचा क्वीन स्टुडिओ: पुतळ्याशी सेल्फी काढून परत फिरू नका

युरोप टूरची बस स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला थांबते, क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्या पुतळ्यापाशी वीस मिनिटं मिळतात, सगळे तसाच हात वर करून फोटो काढतात आणि चला चला करत बस शिलाँच्या किल्ल्याकडे निघते. तिथूनच लेकच्या काठाने थोडं चालत गेलं की कसिनो लागतो आणि त्या कसिनोच्या आत क्वीनचा स्वतःचा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे, बघायला फुकट, हे टूरवाले सांगतच नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये फुकट काय मिळतं सांगा बरं, साधी कॉफी घेतली तरी मनातल्या मनात रुपयांत हिशोब करून घशाखाली उतरत नाही!

जागेचं नाव 'क्वीन: द स्टुडिओ एक्सपिरियन्स', डिसेंबर २०१३ पासून लोकांसाठी उघडलीये. तिकीट नाही, डोनेशन द्यायचं असेल तर द्या, ते मर्क्युरी फीनिक्स ट्रस्टला जातं, म्हणजे फ्रेडी गेल्यावर बँडमधले ब्रायन मे, रॉजर टेलर आणि मॅनेजर जिम बीच यांनी एड्सविरोधी कामासाठी काढलेली संस्था. द्या राव चार फ्रँक, तिकिटाचे वाचलेतच.

आधी कसिनोची गोष्ट, कारण ती माहीत नसेल तर अर्धी मजा गेली. जुना कसिनो ४ डिसेंबर १९७१ ला जळाला, अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झापाचा शो चालू होता आणि प्रेक्षकातल्या कुणीतरी फ्लेअर गन उडवली, छताने पेट घेतला आणि बघता बघता सगळं खाक. डीप पर्पल हा रॉक बँडही तेव्हा माँत्रोतच होता, रोलिंग स्टोन्स बँडचा ट्रकमधला फिरता स्टुडिओ आणून कसिनोतच अल्बम करायचा त्यांचा प्लॅन होता, तो बोंबलला पण लेकवर पसरलेला धूर बघून त्यांनी 'स्मोक ऑन द वॉटर' हे जे गाणं केलं त्याची रिफ, म्हणजे परत परत येणारी गिटारची धून, आजही गिटार हातात घेतलेलं प्रत्येक पोरगं पहिल्यांदा तीच वाजवतं आणि शेजारच्यांना पिडतं. १९७५ ला नवीन कसिनो उभा राहिला आणि त्याच्यातच माउंटन स्टुडिओज सुरू झाला.

क्वीन इथे आले १९७८ ला, 'जॅझ' अल्बमसाठी. त्या काळात ब्रिटनमध्ये मोठ्या कमाईवर टॅक्स ८३ टक्क्यांपर्यंत जायचा, त्यामुळे भलेभले बँड बाहेरच्या देशात जाऊन रेकॉर्डिंग करायचे, म्हणजे सुरुवात कलेपेक्षा सीएच्या सल्ल्याने झाली म्हणायला हरकत नाही. पण जागा आवडली आणि १९७९ ला त्यांनी स्टुडिओच विकत घेऊन टाकला. आता याचं करणार काय असं विचारल्यावर फ्रेडीने 'लेकमध्ये फेकून देऊ' असं उत्तर दिल्याचं सांगतात, त्याच्या तोंडी शोभतंय खरं. तिथला इंजिनीअर डेव्हिड रिचर्ड्स त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं राहिला, पुढे तो त्यांच्या अल्बमचा प्रोड्युसरही झाला आणि शेवटी स्टुडिओही त्यानेच घेतला.

बाकीचेही येऊन गेलेत. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीने 'लॉजर' अल्बम इथेच केला आणि त्यात गिटार वाजवणारा एड्रियन बेल्यू सांगतो की वाजवायची खोली वर आणि कंट्रोल रूम खाली होती, मध्ये काच नाही, कॅमेऱ्यातून खालच्यांना हा दिसायचा पण याला ते दिसायचे नाहीत, आणि तशात गाणं न ऐकवताच वाजव म्हणाले! पुढे १९८१ ला हाच बोवी क्वीनला भेटायला आला आणि जॅमिंग करता करता 'अंडर प्रेशर' झालं. ती एवढीशी खोली बघितल्यावर त्यात फ्रेडी आणि बोवी एकाच वेळी कसे मावले असतील हाच प्रश्न पडतो, मी चौरस फुटांबद्दल बोलत नाहीये.

आता आत काय आहे. पहिल्या भागात कपडे, वाद्यं, हाताने लिहिलेले गाण्यांचे कागद, फोटो वगैरे काचेमागे, छान आहे पण असलं प्रदर्शन आपण कुठेही बघतो. खरा माल पुढे, कंट्रोल रूममध्ये. तिथे मिक्सिंगचा डेस्क ठेवलाय आणि त्याला हात लावू देतात, क्वीनच्या गाण्याचे ट्रॅक वेगवेगळ्या फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणांवर दिलेत, ड्रम खाली घ्या, गिटार वर घ्या, काय वाट्टेल ते करा. मी आधी सगळ्यांसारखं गिटार फुल केलं. मग एकेक करत बाकी सगळं खाली ओढून फक्त आवाज ठेवला, आणि नुसता आवाज ऐकताना दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो हो. मागे एक काका उभे होते, माझा नंबर कधी येणार म्हणून घसा खाकरत, तरी मी उठलो नाही.

त्याच खोलीत फ्रेडीने जिथे शेवटचं गायलं ती जागा दाखवलीये. मे १९९१, तब्येत पार ढासळलेली, पण मिळेल तेवढं गाऊन ठेवायचं म्हणून ड्रम मशीनच्या ठेक्यावर त्याने 'मदर लव्ह' गायलं. शेवटचं कडवं राहिलं ते राहिलंच, नंतर ते ब्रायन मेने गायलं. २४ नोव्हेंबरला फ्रेडी गेला आणि गाणं बाहेर आलं थेट १९९५ ला, 'मेड इन हेवन'मध्ये. त्या अल्बमच्या कव्हरवर जो पुतळा आहे तोच हा माँत्रोचा, काठावर रीतसर अनावरण मात्र अल्बमनंतर, १९९६ ला झालं.

आपल्याकडच्यांसाठी म्हणून सांगतो, हा फ्रेडी, म्हणजे मूळचा फारुख बलसारा, शाळा शिकला आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये, आणि पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही तिथलाच. महाबळेश्वरला जाताना शंभर वेळा पाचगणीत स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लंय आपण, पण ही शाळा बघायला कोण थांबतं?

तक्रारी आहेतच. जागा फार लहान, दहा लोक झाले की हलता येत नाही आणि डेस्कसाठी ताटकळावं लागतं. आवाज कसा रेकॉर्ड व्हायचा, टेप कशी चालायची याची माहिती अजून हवी होती, सजावट जास्त आणि मशीन कमी असं माझं मत. क्वीन फक्त सिनेमामुळे माहीत असेल तर पंधरा मिनिटांत बाहेर पडाल, फॅन असाल तर दीड तास कमी पडेल. म्युझियम म्हणून पाचपैकी तीन, डेस्कसाठी पाचपैकी पाच, मिळून चार धरा.

स्टेशनपासून चालत जाता येतं, उतार आहे, आईबाबा बरोबर असतील तर काठाकाठाने जाणारी २०१ नंबरची बस घ्या. शक्यतो सकाळी उघडल्या उघडल्या जा, आणि निघण्याआधी त्या दिवशी चालू आहे ना हे वेबसाइटवर बघून घ्या. बाहेर फॅन लोकांनी भिंती लिहून लिहून भरून टाकल्यात, मराठीत मला काही सापडलं नाही, तेव्हा मार्कर घेऊन जा.