मुद्रा कर्जाच्या नावाखाली माझे 24,050 रुपये गेले

आमची पिठाची गिरणी आहे. शेजारच्या खोलीत मिरची कांडप बसवायचं दोन वर्षं मनात होतं, पण लाखभर रुपये कमी पडत होते. फेसबुकवर ‘आधार कार्डावर मुद्रा लोन, व्याज दोन टक्के’ अशी जाहिरात दिसली. मुद्रा म्हणजे छोट्या धंद्यांना कर्ज देणारी सरकारी योजना, एवढं ऐकून होते, म्हणून मी नंबर भरून टाकला. दहा मिनिटांत फोन आला. “ताई, मी मुद्रा ऑफिसमधून बोलतोय.” बोलणं इतकं अदबीचं की शंकाच आली नाही.

संध्याकाळी व्हॉट्सॲपवर मंजुरीपत्र आलं. वर अशोकस्तंभ, खाली गोल निळा शिक्का, कोपऱ्यात मीच पाठवलेला माझा फोटो. ‘शिशु कर्ज, रु. 1,00,000.’ शिशु म्हणजे मुद्रातला सगळ्यात छोट्या कर्जाचा गट. फाइल चार्ज 1,250 मागितले, ते दिले. दुसऱ्या दिवशी कर्जाच्या विम्याचे म्हणून 4,800. मग म्हणाले, एक लाखावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 18,000, आणि ते कर्जासोबत परत मिळतील. त्याच आठवड्यात माझी भिशी लागली होती. ह्यांना न विचारता मी त्यातले पैसे पाठवले. आता थांबले तर आधीचे सहा हजार बुडतील, एवढंच डोक्यात होतं. माणूस नेमका इथेच अडकतो, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

चौथ्यांदा 9,500 मागितले, ‘रिझर्व्ह बँकेने पैसे होल्ड केलेत’ म्हणून. ते भरायला मी बँकेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी पत्र पाहिलं आणि मला बाजूला बसवून पाणी दिलं. शिशु कर्जाची मर्यादाच 50,000 आहे, त्या म्हणाल्या. मुद्रा स्वतः कुणालाही थेट कर्ज देत नाही. ते बँका आणि वित्तसंस्थांकडूनच मिळतं. जीएसटी लागतो तो प्रोसेसिंग फीवर, कर्जाच्या रकमेवर नाही. आणि मी तिन्ही वेळा पैसे पाठवले होते ते कुणा एका माणसाच्या साध्या बचत खात्यात! ते नाव दर वेळी स्क्रीनवर दिसत होतं, मी वाचलंच नाही.

तिथूनच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, सायबर पोर्टलवर तक्रार केली. पैसे त्या खात्यात शिल्लक असतील तर गोठवता येतात, पण माझा शेवटचा भरणा चार दिवसांपूर्वीचा. खातं तोवर रिकामं झालं होतं. पहिल्याच दिवशी फोन केला असता तर, हे अजून मनातून जात नाही. तुमच्या घरात कुणाकडे कर्ज मिळण्याआधीच असे पैसे मागत असतील, तर आजच त्यांच्याशी बोला, रागावू नका. मी रागाच्या भीतीनेच गप्प बसले होते.

महिन्याभराने पुन्हा फोन आला, आवाज नवा होता. “ताई, तुमचे 24,050 सापडलेत. सोडवायला फक्त 2,500 भरा.” रक्कम रुपयापर्यंत बरोबर सांगितली. मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि तो नंबर पोलिसांकडे तक्रारीत जोडला.