अंतर चोख, वेळ अंदाजे

लोकांना विमानाची तिकिटं काढून देणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे दोन शहरांमधलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ सांगणारा हा ऑनलाइन कॅल्क्युलेटर माझ्याकडे दिवसभर उघडा असतो. दोन रकाने, एक बटण, खाली नकाशा. जाहिराती जरा जास्त आहेत, पण एकाच नावाची दोन शहरं असली तर देश विचारून घेतो, हे मला फार आवडतं.

अंतराच्या बाबतीत मी त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवते. लंडन–न्यूयॉर्क टाकलं की 5,570 किलोमीटर येतं आणि नकाशावर उत्तरेकडे फुगलेली कमान उमटते. गोल पृथ्वीवरची सगळ्यात जवळची वाट सपाट नकाशावर अशीच वाकडी दिसते. ‘विमान एवढं वरून का नेतात?’ असं कुणी विचारलं की मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवते, वेगळं समजवावं लागत नाही. मात्र हे मोजमाप शहराच्या मध्यापासूनचं असतं. तोक्योचं नारिता विमानतळ मध्यवस्तीपासून साठेक किलोमीटर लांब आहे, तिथवरचा रस्ता ज्याचा त्याने धरायचा.

वेळेवर मात्र इतकं विसंबू नका. लंडन–न्यूयॉर्कला तो 7 तास 28 मिनिटं दाखवतो. शहरांची अदलाबदल केली तरी तेच. म्हणजे ताशी 800 किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवायचा, एवढंच गणित आहे. वारा त्यात कुठेच नाही. अटलांटिकवर उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास लागतात आणि परतताना सात. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वाऱ्यावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून 4 तास 56 मिनिटांत लंडनला पोचलं होतं.

हेलसिंकी–तोक्योचा आकडा तर मी प्रवाशांना सांगतच नाही. कॅल्क्युलेटर दहा तासांच्या आसपास दाखवतो. विमानं सैबेरियावरून जायची तोवर ते ठीक होतं. 2022 मध्ये रशियाने युरोपीय कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून त्यांची विमानं उत्तर ध्रुवाकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालतात आणि प्रवास बारा-तेरा तासांवर जातो. ज्यांना ठरल्या वेळी इन्सुलिन घ्यायचं असतं, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही. अशांना मी विमान कंपनीचं वेळापत्रकच काढून देते. त्यात धावपट्टीपर्यंत जाण्याचा आणि उतरल्यावर गेटला लागेपर्यंतचा वेळही धरलेला असतो.

निकालाखाली दोन्ही शहरांची घड्याळं शेजारी-शेजारी दाखवलीत, ती सोय उत्तम. तोक्योहून संध्याकाळी निघालेलं विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेला सकाळी उतरतं. तिकिटावर ते वाचून माणसं घाबरतात, छपाईची चूक झाली असं समजतात. ही घड्याळं पाहिली की शंका फिटते.

सहल आखताना, कुठलं शहर किती लांब हे ताडून बघायला बिनधास्त वापरा. पुढचं विमान पकडायचं असेल तर यावरून वेळ काढू नका. बनवणाऱ्यांना एकच विनंती आहे: जातानाचा आणि येतानाचा वेळ वेगवेगळा द्या. पाचपैकी साडेतीन.