रीलोडिंगसाठी ग्लॉकचं मूळ बॅरल ठेवावं की दुसरं घ्यावं?

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी नेमबाजांकडून हा प्रश्न वारंवार येतो. ग्लॉक १७ किंवा १९ पिस्तूल आहे, फॅक्टरीची काडतुसं परवडेनाशी झाली आहेत, गॅरेजमध्ये रीलोडिंगची, म्हणजे वापरलेल्या काडतुसाची रिकामी केस (पुंगळी) पुन्हा भरायची, प्रेस बसवायची आहे. मग बॅरल बदलायचं का? माझं उत्तर असं की बॅरलचा विचार नंतर करा, आधी बुलेट, म्हणजे काडतुसातून सुटणारी गोळी, कुठली वापरणार ते ठरवा. बुलेट ठरली की बॅरलचा प्रश्न बहुतेक सुटतोच.

त्याच्याही आधी कायद्याचं बघा. एच-१बी, एफ-१ असल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल, तर केंद्रीय कायद्यानुसार शस्त्र आणि काडतुसं जवळ बाळगायला सरसकट मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्राचा परवाना लागत नाही. विकायला मात्र लागतो. राज्यांचे नियम वेगळे असतात, ते स्वतः तपासा. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात. तेव्हा जुनं बॅरल सामानात टाकून पुण्याला नेण्याचा विचारही करू नका.

आता मूळ बॅरल. ग्लॉकचं बॅरल कोल्ड हॅमर फोर्जिंगने घडवलेलं असतं आणि त्याचा पृष्ठभाग फार कठीण केलेला असतो. पाचव्या पिढीच्या आधीच्या नऊ एमएम बॅरलमध्ये बुलेटला फिरकी देणाऱ्या रायफलिंगचे धारदार चर नाहीत. आतला छेद गोलसर कोपऱ्यांच्या षटकोनासारखा असतो आणि तोच पीळ घेत पुढे जातो. २०१७ साली आलेल्या पाचव्या पिढीपासून रायफलिंगची घडण बदलली. काडतूस बसतं ते चेंबर थोडं सैल ठेवलेलं आहे, कारण हे पिस्तूल १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या सैन्यासाठी घडलं, आणि चिखल-धुळीतही चाललं पाहिजे ही त्याची पहिली अट होती. रीलोडिंग करणाऱ्याला या सैलपणाचा फायदाच होतो. केस साइझ करताना, म्हणजे डायने पुन्हा मापात आणताना, जरा उन्नीस-बीस झालं तरी काडतूस चेंबरमध्ये जातं.

अडचण उघड्या शिशाच्या बुलेटची आहे. ग्लॉकची माहितीपुस्तिका रीलोड केलेल्या काडतुसांनाच नको म्हणते, आणि उघड्या शिशाला तर स्पष्टच नको म्हणते. शिसं बॅरलमध्ये, विशेषतः चेंबरच्या पुढच्या टोकाला, साचत जातं. नऊ एमएमचं काडतूस केसच्या तोंडावर टेकून बसतं. नेमक्या त्याच जागी शिशाचा थर चढला की काडतूस पूर्ण आत जात नाही, स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, किंचित मागे राहते आणि दाब वाढतो. गुळगुळीत रायफलिंगमध्ये हा थर डोळ्यांना सहज दिसतही नाही. दोष रायफलिंगचा की चेंबरपुढच्या घशाचा, यावर नेमबाजांत वाद चालू आहेत, पण परिणामाबद्दल वाद नाही. काही जण दर शंभर-दोनशे काडतुसांनंतर बॅरल साफ करून वर्षानुवर्षं उघडं शिसं मारतात. ते करतात म्हणून नव्याने शिकणाऱ्याने करावं, असं मला अजिबात वाटत नाही. सफाईची शिस्त महिनाभर टिकते, मग एखाद्या दिवशी घाई होते.

जॅकेटेड बुलेट, म्हणजे शिशावर तांब्याच्या मिश्रधातूचं जाड कवच असलेली, आणि प्लेटेड बुलेट, म्हणजे तांब्याचा पातळ थर चढवलेली, या दोन्ही मूळ बॅरलमध्ये निर्धास्त चालतात. रंगीत लेप दिलेल्या शिशाच्या बुलेट या दोहोंच्या मधल्या. लेप नीट भाजलेला असेल आणि बुलेट मापाची असेल, तर पुष्कळ जण त्या मूळ बॅरलमधून खुशाल मारतात. सुरुवातीला पन्नासेक काडतुसं मारा आणि बॅरल काढून उजेडासमोर धरा. करड्या रेघा दिसल्या तर ती बुलेट या बॅरलसाठी नाही. क्रिंप, म्हणजे केसचं तोंड बुलेटभोवती आवळणं, जास्त झाल्यामुळे लेप कापला जातो, हेही बऱ्याचदा कारण निघतं. एक काडतूस भरून बुलेट पुन्हा उपटून पाहा, लेपावर वळ दिसतो का ते लगेच कळेल.

दुसऱ्या कंपन्यांची बॅरल लोन वुल्फ, केकेएम, बार-स्टो, फॅक्सन अशा नावांनी मिळतात. साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर धरा. बहुतेकांत पारंपरिक चर असलेलं रायफलिंग असतं, आणि याच एका कारणासाठी शिशाच्या बुलेट वापरणारे ती घेतात. चेंबर बहुधा घट्ट असतं आणि केसला खालून जास्त आधार देतं. मारलेली केस कमी फुगते, म्हणून तीच केस जास्त वेळा भरता येते.

पण घट्ट चेंबर खाड्कन दोष दाखवतं. मूळ बॅरलमध्ये बिनबोभाट चाललेली काडतुसं नव्या बॅरलमध्ये अडकायला लागली की लोक बॅरलला नावं ठेवतात. खरं तर दोष काडतुसात आधीपासून असतो.

ते पाहायची रीत सोपी आहे, आणि बॅरल कुठलंही असो, ती पाळलीच पाहिजे. पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून बॅरल बाहेर काढा, नळीचं तोंड जमिनीकडे करा आणि भरलेलं काडतूस चेंबरमध्ये सोडा. ते 'टक्' असा स्वच्छ आवाज करत बसलं पाहिजे, बोटाने गोल फिरलं पाहिजे आणि बॅरल उलटं करताच आपल्या वजनाने खाली पडलं पाहिजे. वर राहिलं, तर दुसरं काडतूस घ्या. त्याच्या बुलेटला आणि केसला काळ्या मार्करने रंगवा, आत सोडून हलकेच फिरवा आणि बाहेर काढा. बुलेटवरची शाई खरवडली असेल तर बुलेट रायफलिंगला टेकते आहे, म्हणजे काडतूस लांब झालं. केसच्या तोंडावरची खरवडली असेल तर तोंड फाकलेलंच राहिलंय, टेपर क्रिंप थोडा वाढवा. तळाजवळची खरवडली असेल तर साइझिंग डाय पुरेशी खाली बसवलेली नाही. बाजारात यासाठी केस गेज, म्हणजे भरलेलं काडतूस घालून माप पाहायचे साचे, मिळतात आणि ते उपयोगी आहेत, पण तुमचं काडतूस शेवटी तुमच्या बॅरलमध्ये जाणार आहे.

बुलेट टेकते आहे असं कळलं की बहुतेक जण ती सरळ आणखी आत दाबतात, आणि माझ्या मते सगळ्या विषयातली सर्वात धोक्याची जागा हीच आहे. नऊ एमएमच्या काडतुसाची कमाल लांबी १.१६९ इंच आहे, पण हा झाला वरचा पल्ला. नव्या बॅरलचा घसा आखूड असेल तर रुंद नाकाच्या बुलेटला त्यापेक्षा बरंच आखूड बसवावं लागतं. केस इतकी लहान आहे की बुलेट थोडी जरी आत गेली तरी पावडरसाठी उरलेली जागा लक्षणीय घटते आणि दाब वाढतो. नऊ एमएमची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय आहे. मूळ बॅरलसाठी जमवलेलं पावडरचं माप आखूड काडतुसात तसंच ठेवायचं नाही. छापील मॅन्युअल उघडायचं, त्याच बुलेटसाठी दिलेल्या सुरुवातीच्या मापावर परत यायचं आणि तिथून पुन्हा वर चढायचं. मित्राने फोनवर सांगितलेलं माप त्याच्या बॅरलचं असतं, तुमच्या नाही.

यावरूनच निघणारी दुसरी गोष्ट. दोन्ही बॅरल ठेवणार असाल तर काडतुसं आखूड घशाच्या बॅरलच्या मापाने भरा, म्हणजे ती दोन्हींत जातील. दोन लांबींचे दोन डबे ठेवले की कधीतरी सरमिसळ होतेच.

पॉइंट फोर्टी कॅलिबर असेल तर हिशोब बदलतो. ग्लॉकच्या जुन्या फोर्टी बॅरलमध्ये चेंबरच्या खालच्या बाजूला, काडतूस चढून येतं त्या उतारापाशी, केसला आधार कमी असे. मारलेली केस तळाशी एका बाजूने फुगते. बोटाच्या टोकाने फिरवलीत तर तो उंचवटा जाणवतो. नेहमीची साइझिंग डाय केसचा तळ धरणाऱ्या शेल होल्डरमुळे तिथपर्यंत पोचत नाही. त्यासाठी केस आरपार ढकलायची वेगळी डाय मिळते, आणि ती फोर्टी किंवा टेन एमएमच्या सरळ केसला चालते. नऊ एमएमची केस तोंडाकडे किंचित निमुळती असल्याने तिला ती चालत नाही. फुगवट्याच्या कडेला अर्धचंद्रासारखी धारदार घडी दिसली तर ती केस सरळ भंगारात टाका. पुढच्या पिढ्यांच्या बॅरलमध्ये आधार वाढलेला आहे. पण जुनं फोर्टी ग्लॉक असेल आणि त्यातून बरंच मारायचं असेल, तर जादा आधार देणारं बॅरल मी शिशाची बुलेट वापरायची नसली तरी सुचवेन.

अचूकतेसाठी बॅरल घेऊ नका. पंचवीस यार्डावर हातात धरून मारताना बहुतेक नेमबाजांचा पसारा बॅरलमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो. तेच पैसे काडतुसं आणि सराव यांत घाला. सामने खेळत असाल तर तुमच्या डिव्हिजनमध्ये बदललेलं बॅरल चालतं का, तेही आधी नियमात पाहा.

तेव्हा निवड अशी. विकतच्या जॅकेटेड किंवा प्लेटेड बुलेट वापरणार असाल, तर मूळ बॅरल ठेवा. लेपाच्या बुलेट असतील तर मूळ बॅरलमध्ये आधी तपासून घ्या, बहुधा नव्याची गरज पडणार नाही. स्वतः शिसं ओतून बुलेट बनवणार असाल किंवा उघडं शिसं स्वस्त मिळतंय म्हणून तेच मारणार असाल, तर मूळ बॅरलमध्ये ते घालू नका, दुसरं घ्या. ग्लॉकचं बॅरल अवजाराशिवाय निघतं, त्यामुळे पिस्तूल घरात बाळगायचं असेल तेव्हा मूळ बॅरल आणि फॅक्टरी काडतुसं, आणि रेंजवर जाताना दुसरं, अशी विभागणी सहज करता येते. मी हीच पसंत करेन. शिशाचं काम करणाऱ्यांनी हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ नये, आणि गॅरेजमध्ये मुलांना त्या वेळी येऊ देऊ नये.

एका बाबतीत दोन्ही बॅरल सारखीच. पावडर दोनदा पडली, तर कुठलंही बॅरल तुम्हाला वाचवत नाही. आणि अजिबात पडली नाही, तर नुसत्या प्रायमरच्या, म्हणजे पावडर पेटवणाऱ्या टोपीच्या, जोराने बुलेट नळीत अडकते. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला की तिथेच थांबा, पिस्तूल रिकामं करा आणि नळी मोकळी आहे का ते पाहा. सुरुवातीला अशी पावडर घ्या, जी मॅन्युअलच्या मापात केस अर्ध्याहून जास्त भरते. दोनदा पडली तर ती सांडते आणि डोळ्यांना दिसते. बुलेट बसवण्याआधी प्रत्येक केसमध्ये डोकावता येईल असा दिवा प्रेसवर लावा. नवं बॅरल घेतलंत तर पहिल्या दिवशी त्यातून फॅक्टरीची काडतुसं मारा. ती नीट चालली, म्हणजे पुढे अडकलं तर दोष बॅरलमध्ये नाही, भरण्यात शोधायचा हे पक्कं होतं.