निळ्या डब्यातला स्टो: अकरा महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात हा स्टो घरी आणला तेव्हा आई म्हणाली, "गॅस आला म्हणून ही भानगड एकदाची घरातून गेली होती. तू परत आणलीस?" दिला तो शेजारच्या तारवटी काकांनी. बोटीवर असताना युरोपातल्या कुठल्याशा बंदरात घेतलेला. माडीवर पडून पडून गंजला होता. "व्हर रे, म्हाका कित्याक जाय?" (ने रे, मला कशाला हवा?) म्हणाले आणि हातात ठेवला.

ऑप्टिमसचा रॉकेलचा स्टो आहे, निळ्या पत्र्याच्या डब्यात बसवलेला. झाकण उघडलं की पितळी टाकी, पंप आणि बर्नर. माल स्वीडनचा, पण तत्त्व आपल्या घरोघरच्या प्रायमसचंच. ते १८९२ साली स्टॉकहोमच्या फ्रान्स लिंडक्विस्टने काढलं. दाबाने रॉकेल वर चढतं, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि ती निपलच्या बारीक भोकातून बाहेर पडून निळी जळते. वात नाही, म्हणून काजळीही नाही. अमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर गेला तेव्हा त्याच्या सामानात प्रायमस होता. आमचा स्टो चोर्ला घाटाच्या पुढे गेलेला नाही.

आधी टाकी साफ केली. आमच्याकडे गोव्यात पितळ सोलांनी (आमसुलांनी) घासतात, तेवढ्याने बाहेरून लखलखीत झाली असती. पण मला घाई. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून रात्रभर विसरलो. सकाळी टाकी गुलाबी! पितळातलं जस्त वरच्यावर निघून जातं आणि तांबं उघडं पडतं. घासून घासून रंग परत आणला, तरी पंपाच्या बुंध्याशी एक गुलाबी डाग अजून आहे. अर्धा तास पुरतो, हे आता कळलं.

पंपात दोन गोष्टी निकामी होतात. एक चामड्याचा वॉशर आणि दुसरी तळाशी असलेली उलटझडप, म्हणजे नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. तिच्यातली रबराची गोळी दगड झाली होती, त्यामुळे पंप मारला की दांडा आपोआप वर यायचा आणि मागोमाग रॉकेल. ती झडप खोलायला लांब किल्ली लागते, ती एका टर्नरकडून करून घेतली. तेल सोसणारं रबर डिचोलीत ऑइल सीलच्या दुकानात मिळालं. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकांच्या मालासाठी असली दुकानं इथे जोरात होती. २०१८ च्या मार्चमध्ये खाणी बंद झाल्या आणि दुकानदाराकडे गप्पांना वेळ झाला. नाण्याएवढ्या तुकड्याचे त्याने पैसे घेतले नाहीत, चहा मात्र मला पाजावा लागला. टाकीच्या झाकणाचं गास्केटही त्याच रबरातून कापलं. मग रिकाम्या टाकीत हवा भरून ती पाण्याच्या बादलीत बुडवली. बुडबुडे थांबेपर्यंत रॉकेल भरायचं नाही, हे मी कडक पाळलं.

वॉशर सायकलच्या पंपाचा घेतला, कडा थोडी तासली आणि खोबरेल लावलं. घरात तेच असतं. जून ते नोव्हेंबर पंप लोण्यासारखा चालला. डिसेंबरात चोर्ला घाटाजवळ मित्राच्या बागायतीत मुक्कामाला गेलो. पहाटे पंप मारतो तर दांडा नुसता खालीवर, टाकीत हवाच जाईना. पंप खोलून बघितला, तर वॉशरवर पांढरं थिजलेलं खोबरेल आणि चामडं आक्रसून कडक झालेलं. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली थिजतं, हे गोंयकाराला सांगायला हवं का! बाटली उन्हात ठेवूनच तर आम्ही मोठे झालो. वॉशर तळहातात धरून ऊब दिली, मग चहा झाला. घरी आल्यावर एरंडेल लावलं, तेव्हापासून तक्रार नाही.

आता रंग. सगळ्यात जास्त वेळ मी ह्यावर घालवला आणि सगळ्यात जास्त पस्तावाही ह्याचाच. जुना निळा रंग कोपऱ्यांवर उडाला होता, बाकी ठीक होता. मी तो पूर्ण काढला. (जुन्या रंगात शिसं असू शकतं. पाणपेपर ओला ठेवूनच घासा, कोरडी धूळ उडवू नका.) वर ऐन जूनमध्ये, बाहेर पाऊस कोसळत असताना पडवीत स्प्रे मारला. वाळताना रंगावर दुधाळ साय धरली. थिनर उडताना पत्रा थंड होतो आणि दमट हवेतलं पाणी ओल्या रंगावर बसतं. सगळं पुन्हा खरवडलं आणि चवथ उलटून ऑक्टोबर लागेपर्यंत थांबलो. मग गाड्या रंगवणाऱ्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून प्रायमर आणि तीन पातळ हात मारून घेतले. बाहेरचा रंग अजून टिकून आहे, बिजागरीजवळ एक टवका सोडला तर.

आतल्या बाजूचं मात्र फसलं. तिथेही तोच रंग मारला होता. तो बर्नरसमोर आठवड्यात तपकिरी झाला आणि चहाला त्याचा वास लागला. तो काढून मोटारसायकलच्या सायलेन्सरचा काळा रंग लावला. तो तापल्यावरच पक्का होतो, म्हणून पहिल्या दोन खेपा बाहेर अंगणात नुसतंच पाणी उकळलं. भांडं टेकतं त्या दांड्यांना मी काहीच लावलं नाही. तुम्हीही लावू नका.

रोजच्या वापरात? पावसात वीज गेली आणि सिलिंडरही संपला, असं दोनदा झालं. दोन्ही वेळा पेज ह्याच्यावर शिजली. आवाज मोठा, शेजारी कळतं. आच मंद करणं कठीण, बांगडे तळायला उत्तम, दुधाला वाईट. वाऱ्यात झाकणाचा आडोसा बरा पडतो. रॉकेल हीच खरी अडचण आहे. वाण्याकडे मिळायचे दिवस गेले. एकाने सल्ला दिला, थोडं पेट्रोल घाल. असल्या स्टोत पेट्रोल म्हणजे बॉम्ब, त्या वाटेला जाऊच नका.

पेटवण्यात मी कच्चाच होतो. बर्नर आधी तापवायला स्पिरिट कमी घालायचो आणि भडका उडायचा, पिवळा, हातभर उंच. शेवटी आईनेच मला बाजूला सारलं. तारेला चिंधी गुंडाळून काकडा केला, स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला अडकवला आणि तो विझत आला तेव्हा पंप मारला. चार दट्टे, बस. "आवाज ऐक. फुरफुरला की थांबायचं, घरघरला की पिन मारायची." चाळीस वर्षांत हात विसरला नव्हता.

परवा काका आले होते. डबा उलटसुलट करून बघितला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "हो निळो तो न्हय." मग खाली बसले आणि पंप दोनदा मारून बघितला.