विमानाचं अंतर अन् टाइम सांगणारं अ‍ॅप, आठ महिने वापरल्यावर

ताई ह्यूस्टनला राहते, आईबाबा तिच्या बाळंतपणासाठी पहिल्यांदाच विमानात बसणार होते, म्हणून नोव्हेंबरात हे अ‍ॅप टाकलं. दोन शहरं टाकली की अंतर अन् उडायचा टाइम येतो, फुकट आहे. नाव लिहीत नाही, उगाच भांडण नको.

आमचं गाव दारव्ह्याजवळ, ते टाकलं तर यानं निघायचं ठिकाण यवतमाळ विमानतळ धरलं. आता तिथून प्रवासी विमान कुठं सुटते बाप्पा! मग नागपूर टाकलं, तर साधारण 14,300 किमी अन् साडेसोळा तास. रेघ मात्र नागपूरहून सरळ वर, सायबेरियावरून पार उत्तर ध्रुवाजवळ जाऊन पलीकडे उतरलेली. बाबा म्हणे, "अमेरिका पश्चिमेले हाये नं, मंग हे वरतं काहून चाललं?" मलाही अ‍ॅप येडंच वाटलं. शेवटी पुतण्याचा पृथ्वीगोल घेतला, पोत्याची सुतळी नागपूरवर अंगठ्यानं दाबून ह्यूस्टनपर्यंत ताणली, तर सुतळी घसरत घसरत आपोआप वरच सरकली. सपाट नकाशा फसवते, अ‍ॅप बरोबर होतं. याचा एक स्टार जास्त.

पण त्या रेघेवरून जायला विमान तर पाहिजे ना. तिकीट निघालं दोह्यावरून. नागपूर-दोहा 2,800 च्या वर, दोहा-ह्यूस्टन जवळपास 12,900, म्हणजे दीडेक हजार किमी इथंच वाढले. घरून रात्री आठला बोलेरो निघाली, नागपूरला बाराला पोचलो, पहाटे चारच्या आसपास विमान, चार तास उडणं, दोह्यात अडीच तास बसणं, पुढं सोळा तास, मग इमिग्रेशनची लाइन अन् तिथून घर. ताईच्या दारात पाय ठेवला तेव्हा निघून तेहतीस तास झाले होते. अ‍ॅपच्या बरोबर डबल. आईबाबा दोह्याहून सकाळी आठला निघून त्याच दिवशी दुपारी तीनला उतरले हे ऐकून शेजारचे काका तर म्हणे सात तासात अमेरिका, आमची शकुंतला रेल्वे यवतमाळ-मूर्तिजापूर 113 किमीलाच चार-पाच तास खायची! नऊ तासांचा घड्याळाचा फरक त्यांना समजावता समजावता चहा थंड झाला.

घड्याळाचं मात्र अ‍ॅप पक्कं आहे. मार्चमध्ये तिकडं घड्याळ एक तास पुढं केलं तर यानं साडेअकराचा फरक साडेदहा दाखवला, अन् ताईचा साडेसातचा फोन साडेसहाला यायला लागला, नेमका म्हैस दोहायच्या टाइमाला.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे जायचा अन् यायचा टाइम हे एकच दाखवते. वर दहाएक किमीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचं वारं असते, जाताना तोंडावर, येताना पाठीवर. एप्रिलमध्ये आईबाबा परत आले तेव्हा ह्यूस्टन-दोहा साडेचौदा तासातच झालं. जाहिराती पण लय, अन् मराठीत नाव टाइप केलं तर काहीच सापडत नाही. तीन स्टार.

ताई दिवाळीला येऊन राहिली. बाबा आत्तापासून म्हणतात, "येतानी वारं मांगून हाये, गाडी दीड तास आधी सांग." त्यांना सांगून राहिलो की तो दीड तास दोह्यातच बाकावर बसून जाते, पण ऐकतील तर ना.