अपघाताच्या क्लेमसाठी कोर्टातलं मोफत विधी सेवा ऑफिस : माझा वर्षभराचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

रिव्ह्यू मोठा होणारे, चहा घेऊन बसा. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण केस आत्ताच मिटलीये आणि मध्ये एका एजंटबद्दल पण लिहायचंय. पण हे ऑफिस प्रत्येक जिल्हा कोर्टात असतं, बाहेर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण अशी पाटी असते, एवढं जड नाव वाचून कोण आत जाणार, मी पण गेले नसते.

डिसेंबर २०२४. आम्ही कोल्हापूरकडून पुण्याला लग्नाला निघालेलो, दादाची इको, दादाच चालवत होता, मी मागे. खंबाटकीचा बोगदा संपला की उताराला ते एस वळण आहे ना, तिथे मागून ट्रेलर आला तो थेट आमच्यावरच. इको कठड्याला जाऊन चिकटली आणि माझा उजवा पाय सीटखालच्या पत्र्यात अडकला. मला त्यातलं नीट आठवतं ते एवढंच की चिवड्याचा डबा फुटला होता आणि गाडीभर चिवडा होता, वहिनी रडता रडता माझ्या केसातले शेंगदाणे काढत होती.

१०८ ला कोणी फोन केला ते आजपर्यंत कळलं नाही, बहुतेक एक बाइकवाला होता. तो नाव न सांगता निघून गेला आणि कायद्याने ते चालतं बरं का, जखमीला मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. त्यामुळे रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर पोलीस आपल्यालाच धरतील म्हणून पुढे जाऊ नका प्लीज.

खरं काम भाच्याने केलं. सतरा वर्षांचं पोरगं, एरवी चोवीस तास मोबाईल म्हणून आम्ही त्याला शिव्या घालायचो, त्याने क्रेनने गाड्या हलवायच्या आधी फोटो काढून ठेवले. ट्रेलरच्या मागच्या पाटीवर चिखल होता म्हणून पुढे जाऊन केबिनचा नंबर घेतला, दारावरचं ट्रान्सपोर्टचं नाव, रस्त्यावरचे टायरचे काळे पट्टे, दोन्ही गाड्या कुठे उभ्या होत्या ते, सगळं. केस उभी राहिली ती या फोटोंवर. का ते सांगते. हॉस्पिटलमध्ये दादाचा जबाब घेतला तेव्हा ट्रेलरच्या नंबरात एक आकडा चुकीचा पडला, दादाने न वाचता सही केली (त्याच्या कपाळाला सहा टाके होते, त्याला काय बोलणार), आणि तोच चुकीचा नंबर एफआयआरमध्ये गेला. नंतर फोटो दाखवून पुरवणी जबाब देऊन दुरुस्त करून घ्यावा लागला, दोन हेलपाटे. तेव्हा जबाबावर सही करायच्या आधी नंबर फोटोशी एकेक आकडा लावून बघा.

माझ्या पायात रॉड. बिल २ लाख ३८ हजार. आमच्यानंतर म्हणजे मे २०२५ मध्ये केंद्राची कॅशलेस योजना आली, अपघात झाल्यापासून ७ दिवस दीड लाखापर्यंतचा उपचार योजनेतल्या हॉस्पिटलात पैसे न भरता होतो. आमच्या वेळी नव्हती, आमच्या ह्यांनी एफडी मोडली.

आता एजंट. ऑपरेशनचा दुसरा दिवस, सलाईन चालू, आणि एक गृहस्थ केळी घेऊन आले. मला वाटलं ह्यांच्या ओळखीचे, ह्यांना वाटलं माझ्या माहेरचे. दहा मिनिटं तब्येतीच्या गप्पा झाल्या आणि मग पिशवीतून फाईल निघाली. ताई तुम्ही काहीच करायचं नाही, आपले वकील आहेत, जे मिळेल त्यातले २५ टक्के, एक रुपया आधी नको. कोऱ्या वकीलपत्रावर सही आणि वर एक कोरा चेक. परत वर, घाई असेल तर अडीच लाख लगेच काढून देतो, गंभीर जखमेला चूक कोणाची ते न बघता मिळतातच. ह्यांनी पेन हातात घेतलं होतं. वॉर्डातल्या मावशी लादी पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, दादा सही नका करू, माझ्या जावेच्या वेळेला पैसे आले आणि चेकवर दुसऱ्यानेच आकडा घातला, कोर्टात बायांना वकील फुकट मिळतो तिथं जा. केळी आम्ही खाल्ली, सही नाही केली.

ट्रेलरचा मालकही येऊन गेला, ४० हजार रोख घ्या आणि कंप्लेंट वाढवू नका. त्याच्याशी भांडायची ताकद नव्हती, आमचे हे फक्त बरं म्हणाले आणि पैसे घेतले नाहीत.

दीड महिन्याने वॉकर घेऊन मी त्या ऑफिसात गेले. बाईला मोफत वकील मिळायला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे मला तिथे कळलं. एक साधा अर्ज, आधार आणि केसचे कागद. पुरुषांना उत्पन्नाची अट आहे, एससी एसटी असेल तर तीही नाही. घरून विचारायचं असेल तर १५१०० हा हेल्पलाईन नंबर आहे. अपघात झाला तिथल्याच कोर्टात जावं लागेल असं मला वाटत होतं, पण आपण राहतो तिथे पण दावा लावता येतो, नाहीतर त्या पायाने मी साताऱ्याला कुठे फेऱ्या मारणार होते.

मला ज्या वकील मॅडम मिळाल्या त्या तिशीतल्या, खरं सांगते बघून थोडी निराश झाले, वाटलं शिकाऊ दिल्या. त्यांचा पहिला प्रश्न, अपघाताला किती दिवस झाले? कारण १ एप्रिल २०२२ पासून दावा सहा महिन्यांच्या आत लावायची अट परत आलीये. त्याविरुद्ध लोक सुप्रीम कोर्टात गेलेत, पण मॅडम म्हणाल्या आपण कशाला त्या भानगडीत पडायचं, याच महिन्यात लावू. दुसरं, अडीच लाखाचं विचारलं तर म्हणाल्या, अहो ताई, ते एकदा घेतले की मोठा दावा बंद होतो, हे सांगितलं का त्या माणसाने? आणि टक्केवारीचं ऐकून नुसत्या हसल्या. निकालावर फी बांधायला वकिलांना बार कौन्सिलचा नियमच परवानगी देत नाही म्हणे. मोबाईलवर परिवहनच्या ॲपमध्ये ट्रेलरचा नंबर टाकून इन्शुरन्स चालू होता हे दोन मिनिटात दाखवलं, कंपनीचं नाव तिथेच मिळालं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो माझ्या कमाईवर. माझी खानावळ आहे, कॉलेजच्या पोरांचे डबे. रिटर्न कधी भरलं नाही, पगाराची स्लिप कुठून आणू? मला वाटलं इथेच संपलं. मॅडमनी डब्यांची वही मागवली. तेलाचे डाग, पानं चिकटलेली, एका पानावर हळदीचा अख्खा अंगठा, मला लाज वाटत होती ती कोर्टात द्यायला. त्या म्हणाल्या हीच पाहिजे, नवीन कोरी वही आणली असतीत तर मीच विश्वास ठेवला नसता. वहीला जोडून यूपीआयचं स्टेटमेंट, कमर्शियल सिलेंडरची बिलं, फूड रजिस्ट्रेशनची १०० रुपयांची पावती. यातून महिना १२ हजार धरले.

मग अपंगत्वाचा दाखला. सिव्हिलच्या बोर्डाने १८ टक्के लिहिले. मला वाटलं १८ म्हणजे १८, पण सुप्रीम कोर्टाचा २०१० चा राज कुमार केसचा निकाल आहे म्हणे, शरीराचं नुकसान आणि कमाईचं नुकसान एकच धरायचं नाही, तो माणूस काम काय करतो ते बघायचं. टेबलावर बसून काम करणाऱ्याला १८ टक्के वेगळे आणि रोज दीडशे पोळ्या उभ्याने लाटणाऱ्या बाईला वेगळे. मॅडमनी मला विचारलं होतं की आता किती पोळ्यांनंतर बसावं लागतं. मी म्हटलं चाळीस. तेच अर्जात लिहिलं, तसंच्या तसं, चाळीस पोळ्या. वाचून मला कसंतरीच झालं.

हिशोब पण समजावून सांगितला, कॅल्क्युलेटर माझ्याच हातात दिला. १२ हजारावर पुढे वाढू शकणाऱ्या कमाईचे २५ टक्के धरले की १५ हजार, गुणिले १२ महिने, गुणिले १४ कारण माझं वय ४१ (४१ ते ४५ ला १४ ने गुणतात, वय वाढलं की हा आकडा उतरत जातो), त्याचे २० टक्के (माझ्या कमाईचं नुकसान एवढं धरलं) म्हणजे ५ लाख ४ हजार. वरून औषधपाण्याची बिलं, वेदना, मदतीला ठेवलेली बाई. बिलं ओरिजिनल लागतात, मेडिकलवाल्याच्या त्या फिक्या होत जाणाऱ्या पावत्या तर लगेच झेरॉक्स मारून ठेवा, माझ्या चार हजाराच्या पावत्या नुसत्या पांढऱ्या झाल्या.

इन्शुरन्स कंपनी आधी साडेतीन लाखाच्या वर यायला तयार नव्हती. लोकअदालतीत बसलो तेव्हा त्यांचे वकील म्हणाले दादाने अचानक ब्रेक मारला असेल. भाच्याचे फोटो टेबलावर आले, टायरचे पट्टे ट्रेलरचेच होते, आमच्या गाडीचा एक पण नाही. साडेसात लाखाला मिटलं. कोर्टात लढत राहिले असते तर थोडे जास्त मिळाले असते का, मिळाले असते कदाचित, मॅडमनी तसं स्पष्ट सांगितलं पण होतं आणि हे पण सांगितलं होतं की लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, त्यामुळे घरी जाऊन दोन दिवस विचार करून या. आम्ही घेतले. एफडी परत भरायची होती आणि मला तारखांचा कंटाळा आला होता. त्या केळीवाल्या गृहस्थांना २५ टक्के दिले असते तर १ लाख ८७ हजार ५०० गेले असते, मॅडमनी चहाचे पैसे पण घेतले नाहीत, त्यांना मानधन तिकडूनच मिळतं.

सगळ्यांना अशाच मॅडम मिळतील असं नाही, पॅनेलवर असतील त्यातून नेमतात. माझ्याआधी बाकावर बसलेल्या आजोबांना त्यांचे वकील दोन तारखांना आलेच नव्हते. पण वकील बदलून मागता येतो, आजोबांनी माझ्यासमोर तसा अर्ज दिला.

एक स्टार कापला तो जिन्यासाठी. अपघातातले लोक जिथे येणार ते ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बावीस पायऱ्या, मी मोजल्यात. पहिल्या दिवशी बसत बसत चढले. दुसऱ्या वेळेपासून खालच्या शिपाई मामांना सांगायचे, ते वर निरोप द्यायचे आणि मॅडम फाईल घेऊन खाली पार्किंगमधल्या बाकावर यायच्या.