मिनी ट्रकचा ऑक्सिजन सेन्सर घरीच बदलला: सेन्सर, गोटी (सॉकेट पाना) अन् स्कॅनर, तिन्हींचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे पेट्रोल-सीएनजीवाला छोटा पिकअप आहे अन् डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला आहे त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. माझी गाडी बीएस-६ आहे, सीएनजी कंपनी फिटेड, नागपूरच्या कळमना मार्केटमधून माल उचलायचा अन् वाडी, हिंगणा, सीझनमध्ये काटोलपर्यंत जायचं असं तिचं काम. दिवा लागला, सोबतच ॲव्हरेज पडलं, अन् सकाळी पेट्रोलवर स्टार्ट केली की सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला. आधीच सांगतो, नामांकित कंपनीचा, कनेक्टर लावून आलेला ऑक्सिजन सेन्सर (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन पाहून इंधन बरोबर जळलं का सांगणारा) घेतला तर पैसे वसूल आहेत अन् काम घरी होते. पण दिवा लागला म्हणजे सेन्सरच गेला असं धरून दुकानात पळू नका, पहिले ईसीयूनं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरनं, नोंदवलेला फॉल्टचा कोड वाचा.

म्हणून पहिला रिव्ह्यू स्कॅनरचा. ऑनलाइन जो छोटा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मिळतो ना, ईएलएम ३२७ वाला, तो पाचशे-सातशेत येते अन् एवढ्या कामाला पुरतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनचं सॉकेट असते त्यात लावायचा, मोबाईलमध्ये ॲप टाकायचं, झालं. माझ्या गाडीत पी०१३५ आला. याचा अर्थ कॅटॅलिटिकच्या (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) आधी जो पहिला सेन्सर असतो त्याच्या हीटरच्या सर्किटमध्ये गडबड. पी०१४१ आला असता तर दुसऱ्या, म्हणजे कॅटॅलिटिकच्या मागच्या सेन्सरचा हीटर. हे दोन कोड सेन्सरकडे बोट दाखवतात. पण पी०१७१ आला तर लगेच सेन्सर बदलू नका भाऊ, तो म्हणते मिश्रणात हवा जास्त आहे, अन् ते व्हॅक्यूमचा पाइप फाटल्यानं होते, इंजिनात हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट फुंकून राहिलं असलं तरी होते, इंधनाचं प्रेशर कमी असलं तरी होते, सेन्सर बिचारा जे दिसते तेच सांगून राहिला असतो. पी०४२० मध्येही तसंच, तिथं कॅटॅलिटिक किंवा एक्झॉस्टची गळती पहिले पाहावी लागते. नवा सेन्सर लावूनही दिवा जात नाही अशी तक्रार बरेच लोक करतात त्यातल्या बऱ्याच जणांनी कोडचा आकडाच पाहिलेला नसतो.

अन् पी०१३५ आला तरी पहिले फ्यूज पाहा. हीटरला फ्यूजमधून करंट जातो, तो उडला असेल तर दहा रुपयांत काम होते. माझा फ्यूज ठीक होता. मग मल्टिमीटर लावला. चार वायरच्या सेन्सरमध्ये ज्या दोन वायर एकाच रंगाच्या असतात त्या बहुतेक हीटरच्या, त्यांच्यात काही ओहम रेझिस्टन्स दिसायला पाहिजे. माझ्यात काहीच दिसला नाही, सर्किट ओपन. म्हणजे आतली हीटरची तार तुटलेली, आता शंकाच नाही.

एक ओळखीचे काका म्हणाले की नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्री असते, इथं सेन्सरला हीटर कशाला पाहिजे. पण त्या सेन्सरच्या आत झिर्कोनियाचं सिरॅमिक असते अन् ते ३०० डिग्रीच्या वर गेल्याशिवाय नीट बोलतच नाही, त्याच्यासमोर आपलं ४५ काहीच नाही. हीटर चालू असला की थोड्याच वेळात सेन्सर कामाला लागतो, बंद असला की एक्झॉस्टच्या गरमीनं तापेपर्यंत ईसीयू अंदाजानंच इंधन टाकत राहते, अन् अंदाज म्हणजे सहसा जास्तच. माझ्यासारखं दर अर्ध्या तासाला थांबून माल उतरवायचं काम असलं तर एक्झॉस्ट गार होत राहतो अन् तोटा अजून वाढतो. हायवेवर सलग चालणाऱ्या गाडीला हाच फॉल्ट एवढा जाणवणार नाही.

सेन्सर करतो काय तर एका बाजूला एक्झॉस्टमधला ऑक्सिजन अन् दुसऱ्या बाजूला बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन, यांच्यातल्या फरकावर व्होल्टेज तयार करतो. ०.१ व्होल्टजवळ म्हणजे हवा जास्त, ०.९ जवळ म्हणजे इंधन जास्त. पेट्रोलचं बरोबर प्रमाण एका भाग इंधनाला १४.७ भाग हवा, सीएनजीचं १७ च्या आसपास, वजनानं. दोन्ही इंधनांत हाच सेन्सर सांगते की बरोबर जळलं का, म्हणून सीएनजीवाल्यांनी हे पेट्रोलचं लफडं आहे असं समजून सोडून देऊ नये. तंत्र नवीन नाही, बॉशनं १९७६ मध्येच हा सेन्सर, ज्याला लॅम्बडा सेन्सरही म्हणतात, गाडीत आणला, व्होल्वोच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत.

आता मुख्य मुद्दा. माझ्या गाडीत जो सेन्सर गेला तो कंपनीचा नव्हताच, मागे एका गॅरेजमध्ये युनिव्हर्सल सेन्सर टाकून दिला होता, म्हणजे जुन्याचा कनेक्टर कापायचा अन् नव्याच्या वायरला जोडून टेप मारायची. स्वस्त पडते म्हणून सगळे तेच करतात. पण वर सांगितलं ना, सेन्सरला एका बाजूनं बाहेरची स्वच्छ हवा लागते, ती हवा बऱ्याच सेन्सरमध्ये वायरच्या आतूनच, तारा अन् रबराच्या फटीतून जाते! सोल्डर केलं की रस्ता बंद. म्हणूनच सेन्सर बनवणाऱ्या कंपन्या सोल्डर करू नका म्हणतात, अन् त्याच कारणानं या कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट क्लीनर मारत नाहीत. शिवाय टेपचा जोड गाडीच्या खाली, पावसात, चिखलात किती टिकणार. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या त्यांनी तर कनेक्टर एकदा उघडून पाहाच, पिनांवर हिरवं चढलं असेल तर हाच कोड येऊ शकते.

त्यामुळे यावेळी ठरवलं की कापाकापी नाही. बॉश, डेन्सो, एनटीके यांपैकी जो तुमच्या गाडीत मुळात येते तोच घ्या, एनटीके म्हणजे एनजीके स्पार्क प्लगवाल्यांचाच सेन्सरचा ब्रँड. नंबर पार्ट कॅटलॉगमध्ये मिळतो, किंवा सेन्सरच्या अंगावर कोरलेला असतो, मूळचा असेल तर. मी घाट रोडवरच्या एका दुकानातून घेतला, २,४०० रुपये. काउंटरवरचे दादा पहिले म्हणाले, "भाऊ, चार वायरचा आहे ना, मग कोणताही लागते, हा घ्या नऊशेचा." म्हटलं, दादा, कनेक्टर जुळवून द्या, नंबर जुळवून द्या, नाहीतर राहू द्या. मग त्यांनी मागून खोकं काढलं अन् गाडीकडचा कनेक्टर मी मोबाईलमध्ये फोटो काढून नेला होता त्याच्याशी लावून दाखवलं, आवडलं मला, घाई केली नाही माणसानं. बिलावर मात्र शिक्का असतोच, इलेक्ट्रिकल माल परत होणार नाही. म्हणून फोटो न्याच, पिनांची बाजू दिसेल असा. खोक्याचं सील, छपाई, अन् खोक्यावरचा नंबर सेन्सरवरच्या नंबराशी जुळते का हे काउंटरवरच पाहून घ्या, डुप्लिकेट माल या धंद्यात भरपूर आहे.

सेन्सरला पाचपैकी साडेचार. वायरची लांबी मुळच्याएवढी, कनेक्टर टक करून बसला, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) आधीच लावून आलेलं, टोकावर प्लास्टिकची टोपी. अर्धा यासाठी कापला की वायर बॉडीला धरून ठेवणारी क्लिप खोक्यात नव्हती, जुनी तुटलेली असली तर शोधत बसावं लागते, अन् एवढे पैसे घेतल्यावर ती द्यायला पाहिजे.

गोटीबद्दल. खाच असलेली २२ नंबरची लांब गोटी घ्या, वायर खाचेतून बाहेर येते. चारशेच्या आसपास मिळाली, अन् पूर्ण कामात सगळ्यात जास्त कामाची वस्तू हीच. साध्या पान्यानं खोलायला गेलं की सेन्सरचे कोपरे गोल होतात, मग काम दुप्पट. फक्त लय स्वस्त गोटी घेऊ नका, खाचेमुळे ती मुळातच कमजोर असते, जोर लावला की फाकते.

काम तसं सोपं आहे पण घाई नको. माझ्या गाडीत इंजिन सीटखाली आहे, सीट उचलली की एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरचा, म्हणजे पुढचा, सेन्सर समोर दिसते, मागच्या सेन्सरसाठी मात्र गाडीखाली जावं लागते अन् तेव्हा नुसत्या जॅकवर भरोसा ठेवू नका, खाली स्टँड लावाच. आदल्या रात्री आट्यांवर गंजाचा स्प्रे मारून ठेवला. सकाळी उन्हाच्या आत इंजिन थोडं चालवून कोमट केलं, कारण एकदम थंड असलं की आटे जाम, अन् एकदम गरम असलं की हात भाजते अन् आटेही खराब होऊ शकतात. बॅटरीचं मायनस काढलं, कनेक्टरचं लॉक पेचकसनं हळूच उचललं, गोटी लावली, एक झटका अन् सुटला. नवा पहिले हातानंच पूर्ण फिरवत बसवायचा, वाकडा धरून रॅचेट मारलं तर मॅनिफोल्डचे आटे गेले समजा. शेवटी ४० न्यूटन-मीटरच्या आसपास टाइट, खोक्यावर आकडा दिला असेल तर तोच पाळा. टोकाला हात, तेल, ग्रीस काही लागू देऊ नका. जवळपास सिलिकॉनचं गॅस्केट लावायचं असेल तर डब्यावर सेन्सर-सेफ लिहिलेलं पाहा, साध्या सिलिकॉनची वाफ सेन्सर खाऊन टाकते. अन् हातातून फरशीवर पडला तर आत सिरॅमिक आहे, काचेच्या बांगडीसारखं, बाहेरून काही दिसणार नाही पण तो लावू नका.

कोड पुसला, गाडी वर्धा रोडला फिरवून आणली. ॲपमध्ये पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये सारखं वरखाली होऊन राहिलं, मागच्याचं जवळपास स्थिर, म्हणजे दोन्ही जसे पाहिजे तसे. दिवा परत आला नाही, वास गेला, ॲव्हरेज हळूहळू जागेवर आलं. लगेच येत नाही बरं का, ईसीयू जुन्या सवयीतून बाहेर यायला थोडे दिवस घेते.

आटे गंजून पूर्ण जाम असतील तर मात्र घरी कुस्ती करू नका, गॅरेजला द्या अन् सेन्सर तुमचाच द्या. अन् डिझेल पिकअपवाल्यांनो, तुमच्याकडे बीएस-६ मध्ये सेन्सरांचा कारभार वेगळा आहे, एक्झॉस्टच्या तापमानाचे, प्रेशरचे, काहींमध्ये नॉक्सचे (नायट्रोजन ऑक्साइड वायूंचे), त्यांना हे ओहमचे अन् व्होल्टचे आकडे लावू नका, तुमच्या मॉडेलच्या कोडवरूनच चाला.